वतन गेले, कागद उरले

धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळात जपलेला कागदपत्रांचा संग्रह एखाद्या संस्थानिकाच्या दप्तरखान्यातून वारशाने आलेला नाही. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी अशा वतनदार घराण्यांच्या माळ्यांवरून, कोनाड्यांतून आणि पेट्यांतून जे कागद बाहेर आले त्यांच्या शोधात विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी आयुष्य वेचले आणि त्या शोधाची अखेर या शहरात झाली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे तिचे २२ खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना करण्यात राजवाड्यांचा पुढाकार होता; पण तेथे मतभेद झाल्यावर त्यांनी पुणे सोडले आणि धुळे हे आपले कार्यस्थान केले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले आणि त्यांनी जमवलेले साहित्य विखुरले जाऊ नये म्हणून धुळेकरांनी लागलीच त्यांच्या नावाने मंडळ उभारले.

हे कागद शतकानुशतके टिकले ते इतिहासाच्या प्रेमामुळे नव्हे, तर हक्काच्या गरजेमुळे. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारा अधिकार आणि त्याला जोडलेले उत्पन्न व मानपान. भाऊबंदकीत किंवा शेजारच्या घराण्याशी तंटा उपस्थित झाला की सनद, वंशावळ, निवाडपत्र असे लेखी पुरावे पुढे ठेवावे लागत, म्हणून ते कापडी बस्त्यात, म्हणजे रुमालात, घट्ट बांधून ठेवलेले असत. इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्यानुसार इनाम कमिशनने इनामांच्या हक्कांची कसून तपासणी केली आणि पुरावा अपुरा ठरल्यामुळे अनेकांची इनामे गेली. कागद मागायला आलेल्या परक्या माणसाकडे त्यानंतरच्या पिढ्यांनी संशयाने पाहिले असेल, तर त्यांना दोष देता येत नाही.

या संग्रहप्रकारातला सर्वांत बोलका कागद म्हणजे महजर. गोत, म्हणजे गावातील व परगण्यातील पाटील, बलुतेदार आणि वतनदार, अधिकाऱ्यांसह सभा भरवून एखाद्या तंट्याचा निकाल देत आणि त्या निकालाचा साक्षीनिशी केलेला लेख तो महजर. कागदाचे तुकडे एकाखाली एक चिकटवून तो लांबवत नेलेला असे आणि मधला तुकडा कोणी बदलू नये म्हणून सांध्यांवर शिक्के उठवीत. शेवटी साक्षीदारांची नावे येतात, आणि ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्या नावापाशी धंद्याची निशाणी काढलेली असते: कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, सुताराचे किंकरे. राजकीय पत्रव्यवहारात ज्यांची नावे सहसा येत नाहीत, अशी माणसे येथे आपल्या हत्यारासह हजर आहेत. मात्र महजर बहुधा जिंकलेल्या पक्षाच्या घरात जपला गेला, हे अभ्यासकाने विसरता कामा नये. हरलेल्याला तो सांभाळण्याचे कारणच नव्हते, आणि हक्क सिद्ध करण्यासाठी बनावट कागद रचणारेही कमी नव्हते.

वाचकाची दुसरी अडचण कालगणनेची. मजकूर मोडी लिपीत, शब्द न तोडता सलग लिहिलेला, आणि साल पुष्कळदा शुहूर सनाचे, तेही अरबी संख्याशब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१. मृगाच्या सुमारास सुरू होणाऱ्या या सनात वर्षारंभापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवले की इसवी सन निघतो. म्हणून पानिपतची जानेवारी १७६१ मधील लढाई याच सालात पडते. एका वर्षाची चूक होण्यास ही जागा फार सोयीची आहे, आणि ती चूक जुन्या छापील साधनांतही कधीमधी डोकावते.

धुळे या बाबतीत एकाच संस्थेवर थांबले नाही. शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठांतून मिळवलेल्या हस्तलिखितांसाठी १९३५ साली तेथेच श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले. तो संग्रह मुख्यतः संप्रदायाच्या वाङ्मयाचा असल्याने त्याची मांडणी वेगळी आहे.

१९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली आणि पुढील दीड दशकात इतर ग्रामवतनेही गेली, तेव्हा ज्या रुमालांच्या आधारावर घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दावे लढवले होते त्यांचा व्यवहारातला उपयोग संपला. त्यापुढे त्यांना दोनच वाटा होत्या, एक रद्दीची आणि दुसरी अशा संस्थेची. संस्थेत आलेला कागदही कोणत्या गावच्या, कोणत्या घराण्याच्या, कोणत्या रुमालातून आला याची नोंद सुटली तर निम्मा मुका होतो, कारण वंशावळ, तिच्यावरून उठलेली तक्रार आणि त्या तक्रारीचा निवाडा हे कागद एकमेकांशेजारी असले तरच तंट्याचा अर्थ लागतो. म्हणूनच आता छायाप्रती संगणकावर चढवताना विषयवार नवी वर्गवारी करण्याच्या मोहात न पडता रुमालाचा मूळ क्रम जसाच्या तसा नोंदवणे, हे मोडी वाचता येण्याइतकेच गरजेचे काम आहे.