संथ पाणी, हलका गळ

'भांगाची भरती' हा शब्द शाळेत भूगोलाच्या पेपरापुरता पाठ केला होता ना? ऑकलंडजवळच्या हाउराकी आखातात स्नॅपर धरायला गेलात, तर तो पुन्हा उपयोगी पडेल.

आधी नावाचं. न्यूझीलंडचा स्नॅपर हा खरा स्नॅपर नाहीच. आपली तांबोशी त्या कुळातली. हा ब्रीमच्या कुळातला. माओरी भाषेत त्याला 'तामुरे' म्हणतात. चवीला त्याने काही बिघडत नाही.

अष्टमीच्या सुमारास सूर्य-चंद्रांची ओढ काटकोनात असते, भरती-ओहोटीतला फरक कमी होतो आणि प्रवाह मंदावतो. रोजचाही एक हिशेब आहे. ओहोटी साधारण सहा तासांची. पहिल्या आणि शेवटच्या तासात एकूण उताराचा जेमतेम बारावा हिस्सा उतरतो, मधल्या दोन तासांत प्रत्येकी पाव. म्हणजे दोन्ही टोकं संथ.

वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग निम्मा झाला, की तंगुसावरचा जोर एक चतुर्थांशच उरतो. त्यामुळे खडकांच्या कडेला, चार-पाच मीटर पाण्यात शिसं जवळजवळ लागतच नाही. पिल्चर्डचा (आपल्या तारलीचा चुलतभाऊच) तुकडा नुसत्या गळावर सोडा. तो गिरक्या घेत, खऱ्या मेलेल्या माशासारखा खाली जातो.

पण संथ म्हणजे थांबलेलं नव्हे. मी इथेच फसलो होतो. भरती पूर्ण भरल्यावर आरशासारख्या पाण्यात तासभर बसलो, एक टोचणी नाही. वास वाहून न्यायला पाणी हलावं लागतं; नाहीतर होडीला टांगलेल्या कुटलेल्या माशांचा वास तिथल्या तिथेच घुटमळतो. पाणी उतरू लागलं आणि पहिला मासा लागला. आणि हो, इंजिन लांबच बंद करा, नांगर आपटू नका. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो आणि उथळात मासा आधीच बिचकलेला असतो.

मला उथळ पाणी आवडतं त्याचं खरं कारण मात्र वेगळं आहे. इथे ३० सेंटिमीटरहून लहान स्नॅपर सोडून द्यावा लागतो (नियम निघण्यापूर्वी तपासाच). ३० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. तिथून ओढून काढलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. सोडला तरी तो बुडू शकत नाही, आणि वर सीगल टपलेलेच असतात. पाच मीटरवर दाब फक्त दीडपट. मासा धडधाकट परत जातो.

एक अडचण आहे: संथ पाण्यात त्याला आमिष गिळायला सवड मिळते आणि गळ घशात उतरतो. म्हणून आत वळलेला सर्कल हुक वापरा. तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. झटका देऊ नका, नुसतं गुंडाळत राहा. मासा ओल्या हातानेच धरा.

स्नॅपर साठ वर्षांपर्यंत जगू शकतो. गेल्या भांगाला मला लागलेला पट्टीवर २९ भरला. तीनदा मोजला, २९च. पाण्यात सोडला तर शेपटीचा एक फटका मारून सरळ खडकाखाली गेला.