सोळा बाइटांचं रहाटगाडगं

एका मोठ्या सर्व्हरवर वीस-पंचवीस आभासी यंत्रं सुखानं नांदत असतात. प्रत्येकाची समजूत अशी, की नेटवर्क कार्ड आपलं, डिस्कही आपली. प्रत्यक्षात दोन्ही यजमानाच्या, म्हणजे त्या सर्व्हरच्या, ताब्यात असतात. मग पाहुण्याला, म्हणजे एखाद्या आभासी यंत्राला, डिस्कवरचा चार किलोबाइटांचा तुकडा हवा असेल, तर निरोप पोचतो कसा?

जुनी रीत सोंगाची. फाब्रिस बेलार यांचा क्यूएमू हा प्रोग्रॅम रिअलटेक 8139 किंवा इंटेल ई1000 अशा खऱ्या कार्डांची हुबेहूब नक्कल करतो. पाहुण्याच्या ड्रायव्हरनं त्या खोट्या कार्डाच्या रजिस्टरमध्ये आकडा लिहिला, की प्रोसेसर पाहुण्याला जागीच थांबवतो आणि सूत्रं यजमानाकडे देतो. याला म्हणतात ‘व्हीएम एक्झिट’. सोंग बिनचूक वठतं, पण असं प्रत्येक थांबणं महागात पडतं, आणि एका पॅकेटपायी ते अनेकदा घडू शकतं.

सोंग टाकून दोघांनी सरळ एकाच मेमरीत हिशेब ठेवावा, ही कल्पना केंब्रिज विद्यापीठातल्या झेन प्रकल्पानं 2003 मध्ये मांडून दाखवली होती. पण पुढे ज्याची त्याची वेगळी चूल झाली. त्या काळी आयबीएममध्ये काम करणारे ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमर रस्टी रसेल यांनी 2008 च्या आपल्या निबंधात मोजदाद दिली आहे: लिनक्स कर्नलमध्ये तेव्हा किमान आठ आभासीकरण पद्धती होत्या, आणि डिस्क, नेटवर्क, कन्सोल यांचे ड्रायव्हर बहुधा प्रत्येकीचे निराळे. रसेल यांनी या सगळ्यांसाठी एकच सामाईक सोय उभी केली, ती व्हर्टआयओ. जानेवारी 2008 मधल्या लिनक्स 2.6.24 मध्ये ती आली. तिच्या पोटात फिरतं ते हे रहाटगाडगं, म्हणजे ‘व्हर्टक्यू’.

त्याचे भाग तीन. पहिला डिस्क्रिप्टरांचा तक्ता. एकेक डिस्क्रिप्टर 16 बाइटांचा: 8 बाइट पत्ता, 4 लांबी, 2 खुणा आणि 2 ‘पुढचा कोण’ सांगणारे. दुसरं ‘उपलब्ध’ कडं. त्यात पाहुणा आपल्या मागण्या मांडतो. तिसरं ‘वापरलेलं’ कडं. त्यात यजमान झालेली कामं परत करतो. रांग 256 ची असेल, तर अख्खा तक्ता बरोबर 4096 बाइटांत मावतो.

आता तो चार किलोबाइटांचा तुकडा मागवू. ड्रायव्हर तीन डिस्क्रिप्टर साखळीत ओवतो. पहिला 16 बाइटांच्या मागणीकडे बोट दाखवतो: वाचायचं आहे, अमुक सेक्टरपासून. दुसरा 4096 बाइटांच्या रिकाम्या जागेकडे. तिसरा फक्त एका बाइटाकडे. काम फत्ते झालं की फसलं, ते यजमान तिथे लिहिणार. मग साखळीच्या पहिल्या कडीचा क्रमांक ‘उपलब्ध’ कड्यात पडतो आणि तिथला मोजणीचा आकडा एकानं वाढतो. यजमान तुकडा आणून थेट पाहुण्याच्या मेमरीत ठेवतो आणि ‘वापरलेल्या’ कड्यात तोच क्रमांक नोंदवतो, सोबत किती बाइट लिहिले तो आकडा: 4097. वरचा एक बाइट त्या निकालाचा.

एवढ्या व्यवहारात कुलूप कुठेच लागत नाही. तक्ता आणि ‘उपलब्ध’ कड्यात लिहिणार फक्त पाहुणा, ‘वापरलेल्या’ कड्यात फक्त यजमान. दुसऱ्यानं नुसतं वाचायचं. मोजणीचा आकडा मागे येतच नाही. तो 65535 पर्यंत जातो आणि पुन्हा शून्यावरून सुरू होतो. रांगेची लांबी दोनाच्या घातात असल्यामुळे त्यावरून खण शोधायला भागाकारही नको.

पथ्य मात्र एक आहे, ते क्रमाचं. नोंद आधी, आकडा नंतर. आधुनिक प्रोसेसर सोयीनुसार लेखनाचा क्रम बदलू शकतो. आकडा आधी दिसला, तर यजमान अर्धवट भरलेला खण उचलेल. म्हणून दोहोंच्या मध्ये ‘मेमरी बॅरियर’ची आज्ञा घालावी लागते. ती विसरली, तर चूक एका यंत्रावर वर्षभर दिसणार नाही आणि दुसऱ्यावर भर गर्दीत डोकं वर काढेल.

खरी बचत आहे ती एकमेकांना ‘काम आहे’, ‘काम झालं’ अशा हाका न मारण्यात. यजमान कामात असेल, तर ‘सध्या घंटी नको’ अशी खूण तो करून ठेवतो. नव्या मागण्या तो आपण होऊनच पाहतो. पाहुणाही इंटरप्ट नको म्हणून सांगू शकतो. त्याहून नेमकी सोयही आहे: अमुक क्रमांक ओलांडलास, तरच हाक मार. कामं जितकी दाटीनं येतात, तितक्या दर कामामागच्या हाका कमी होतात.

उणिवाही निघाल्या. एका मागणीसाठी तीन ठिकाणी वाचावं लागतं, ते प्रोसेसरच्या कॅशला जाचतं. म्हणून व्हर्टआयओच्या 2019 मधल्या 1.1 आवृत्तीत तिन्ही भाग एकाच कड्यात आणणारी ‘पॅक्ड’ रचना आली. तिच्यात दोघं एकाच खणात आळीपाळीनं लिहितात आणि पाळी कुणाची ते दोन बिटांवरून कळतं. भरवशाचा प्रश्न तर कायमचाच. साखळी स्वतःभोवतीच फिरते आहे का, पत्ता पाहुण्याच्या हद्दीतला आहे का, हे यजमानाला दर वेळी तपासावंच लागतं; आणि तपासलेला डिस्क्रिप्टर पाहुणा मागाहून बदलू शकतो, म्हणून आधी त्याची प्रत काढून घ्यावी लागते.

गंमत अशी, की जे कार्ड कधी अस्तित्वातच नव्हतं, त्याचा हा करार आज खऱ्या सिलिकॉनमध्येही उतरला आहे. काही नेटवर्क कार्डं स्वतःच व्हर्टक्यू चालवतात. उलट रसेल यांनी लिहिलेला एलगेस्ट हा आभासी यंत्रं चालवणारा छोटा हायपरव्हायझर 2017 मध्ये कर्नलमधून काढून टाकला गेला. यंत्र गेलं, करार राहिला. भाड्यानं घेतलेल्या लिनक्स सर्व्हरवर डिस्कचं नाव ‘एसडीए’ऐवजी ‘व्हीडीए’ दिसलं, तर समजा, तुमची प्रत्येक फाइल याच रहाटावरून वर येते आहे.