जुन्या तबकड्यांची पारख

मरोळच्या गांवठाणांतील जुनीं घरें जसजशीं पाडलीं जात आहेत, तसतशा माळ्यांवरील पेट्याही खालीं येत आहेत. गेल्या वर्षीं अशाच एका पेटींतून सन 1960 ते 1970 या दशकांतील इंग्रजी 'रॉक' संगीताच्या कांहीं लाँग-प्ले तबकड्या निघाल्या. घरधन्यांनीं त्या भंगारवाल्यास द्यावयाच्या काढिल्या होत्या. "ह्यांत ठेवण्याजोगें काय आहे?" असें त्यांनीं आम्हांस सरळ विचारिलें. तोच प्रश्न आमच्या विद्यार्थिमित्रांसही पडेल, म्हणून त्याचें उत्तर येथें यथामति देत आहों.

तबकडी ही पुस्तकाप्रमाणें छापली जाते, हें प्रथम ध्यानीं घ्यावें. फितीवर मुद्रित झालेलें गायन-वादन यंत्राच्या सुईनें एका लेप दिलेल्या थाळीवर कोरितात. तिच्यावर धातूचा थर चढवून उलटा ठसा काढितात; त्यावरून दुसरी धातूची थाळी, जीस 'माता' म्हणतात, आणि मातेवरून प्रत्यक्ष छापण्याचे ठसे तयार होतात. तापवून मऊ केलेलें व्हिनाइल दोन ठशांमध्यें दाबलें कीं तबकडी सिद्ध झाली. वर्षानुवर्षांनीं पुनर्मुद्रण निघतें, तेव्हां मूळ फीत जुनी झालेली असते, किंवा तिची नक्कल वापरितात. कोरणाराही निराळा असतो. म्हणून प्रथम छापाचा आवाज पुष्कळदां वेगळा भासतो. संग्राहक त्याच्या मागें लागतात तें केवळ हौसेनें नव्हे.

प्रथम छाप ओळखावा कसा? लेबलाभोंवतींच्या गुळगुळीत पट्ट्यावर बारीक खुणा असतात, त्या उजेडांत वाचाव्या. विलायतेंतील ई.एम.आय. कंपनी ठशाच्या क्रमांकासाठीं जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी हीं अक्षरें अनुक्रमें 1 ते 9 व शून्य यांऐवजीं वापरीत असे. 'जी' म्हणजे पहिला ठसा, 'जीडी' म्हणजे दहावा.

हें सर्व दूरदेशचें, असें कोणी म्हणेल. परंतु तसें नाहीं. 'बीटल्स' मंडळींतील जॉर्ज हॅरिसन हे जानेवारी 1968 मध्यें मुंबईस आले व फोर्टमधील एच.एम.व्ही.च्या स्टुडिओंत त्यांनीं 'वंडरवॉल' या चित्रपटाचें कांहीं संगीत मुद्रित केलें. त्यांत शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, आशिष खान असे आपले वादक होते. तेथें स्टीरिओ मुद्रणाची सोय नव्हती, म्हणून ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनीं दोन ट्रॅकचें यंत्र कलकत्त्याहून आणविलें. त्याच वेळीं मुद्रित झालेल्या वादनावर 'द इनर लाइट' हें गीत पुढें विलायतेंत गाइलें गेलें व मार्च 1968 मध्यें 'लेडी मॅडोना' या तबकडीच्या दुसऱ्या बाजूस प्रसिद्ध झालें. तात्पर्य, त्या जगप्रसिद्ध संगीतांत आपल्या शहराचाही वांटा आहे.

जतनाविषयीं दोन शब्द. तबकडी कडेनें धरावी, उभी ठेवावी, उन्हापासून दूर ठेवावी व झिजलेल्या सुईनें कधींही वाजवूं नये. आम्ही स्वतः एकदां कांहीं तबकड्या खिडकीपाशीं आडव्या रचून ठेविल्या. उन्हाळा संपतां संपतां त्या पापडासारख्या वाकल्या. तो दोष सर्वस्वीं आमचा, आणि ती हानि भरून येणारी नव्हती.

आतां त्या पेटीविषयीं. तींतील बहुतेक तबकड्या विलायती प्रथम छापाच्या नव्हत्या. कलकत्त्याजवळील डमडम येथें छापलेल्या होत्या. त्यांस मोठी किंमत येईल, असें आम्हांस सांगतां आलें नाहीं. मात्र एका वेष्टनाच्या मागें घरधन्यांच्या दिवंगत वडिलांचें नांव व '1969' हा सन शाईनें लिहिलेला आढळला. घरधनी बराच वेळ तें अक्षर पाहत राहिले, व मग त्यांनीं पेटी आंत नेली.

विद्यार्थिमित्रहो, जुन्या वस्तूची किंमत बाजार ठरवितो, परंतु तिचें मोल तींत काय लिहिलें आहे हें वाचल्यावांचून कळत नाहीं. तुमच्याही माळ्यावर अशी पेटी असेल, तर ती वजनावर घालण्यापूर्वीं एकदां उघडून पाहा, एवढीच विनंती.