जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार

वांद्र्याच्या कित्येक घरांत मुलांच्या खेळाचा जुना संगणक धूळ खात पडलेला असतो आणि मुलें नव्याचा हट्ट धरतात. नव्यावर पैसे घालण्यापूर्वीं दोष कोठें आहे तें पाहावें. प्रथम वीज तोडून पेटींतील धूळ झाडावी व प्रोसेसरवरील सुकलेला लेप बदलावा. कारण तापलेला प्रोसेसर आपोआप मंदावतो. मग फिरत्या तबकडीऐवजीं एस.एस.डी. बसवावी. जुनी तबकडी सेकंदाला शंभर-दीडशें मेगाबाइट वाचते. ही साटा जोडणीवरहि सुमारें ५०० वाचते. त्यानें खेळ लौकर उघडतो. चित्राची गति मात्र मुख्यतः ग्राफिक्स कार्डानें वाढते. तें वीजपुरवठ्याचे वॅट पाहूनच घ्यावें. रॅम घेतांना ध्यानांत असावें, डीडीआर-३ च्या खांचेंत डीडीआर-४ बसत नाहीं.

धीम्या लोकलनें ग्रँट रोडला उतरल्यास लॅमिंग्टन रोडवर हे भाग मिळतात. वापरलेलें कार्ड चालवून पाहिल्याविना घेऊं नये. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चें नियमित साहाय्य थांबलें. जेथें विंडोज ११ चालत नाहीं, तेथें लिनक्स विनामूल्य आहे, जरी त्यावर सर्वच खेळ चालत नाहींत. खर्च नव्याच्या निम्म्यावर जाऊं लागला, तर थांबावें. आणि हें काम मुलांच्या हातूनच करवावें. विकत घेतलेल्या नव्या यंत्राबरोबर ही विद्या येत नाहीं.