जुन्या बाजारातील अवजारांची पारख

आठवडी बाजारात धान्य व भाजीपाला यांच्या रांगा संपल्या की कडेला गोणपाट अंथरून जुने लोखंड विकणारे बसलेले आढळतात. कुळवाची गंजलेली पास, दांड्याविना कुऱ्हाड, टिकाव, पाने, क्वचित एखादा नांगर अशा वस्तू तेथे एकत्र पडलेल्या असतात. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार तर अशा मालाकरिता प्रसिद्धच आहे. ट्रॅक्टर आल्यापासून बैलांची अवजारे भंगारात जाऊ लागली. थोडी जमीन व दारी बैलजोडी असलेल्या शेतकऱ्यास त्यांतून कामाची वस्तू निवडता येते. मात्र पारख नसल्यास ती दुरुस्तीपायी नव्याहून महाग पडते.

किर्लोस्करवाडीस १९१० साली कारखाना निघाला आणि लोखंडी नांगर गावोगाव पोहोचला. अशा नांगराचा झिजतो तो फाळ, आणि तो बदलता येतो. बिडाच्या भागास तडा असेल तर मात्र नांगर घेऊ नये. हा भाग अधांतरी धरून हातोडीने हलकेच ठोकावा. खणखणीत नाद आल्यास बीड बहुधा शाबूत असते. बद्द आवाज आल्यास कोठेतरी चीर आहे असे समजावे. ताजा रंग फासलेल्या मालाविषयी अधिकच सावध असावे, कारण रंगाखाली पुष्कळ काही झाकता येते. नव्या फाळाची भोके जुळतात की नाही हेही पाहावे.

विळा, कुऱ्हाड यांच्या धारेवर कानस फिरवावी. ती घसरली तर पाणी टिकून आहे. सहज रुतली तर पाणी उतरले आहे. तरीही पोलाद चांगले असल्यास लोहाराकडून पुन्हा पाणी देवविता येते. वरवरचा गंज रॉकेल व वीटकरीने निघतो, खोल खड्डे पडलेले पाते मात्र सोडून द्यावे.

सर्वांत मोठा धोका जुन्या फवारणी पंपाचा आहे. पंपातून पूर्वी २,४-डी हे तणनाशक मारले असल्यास त्याचा अंश रबरी नळीत व वायसरांत राहतो, आणि तेवढ्यानेही कपाशी, टोमॅटो व द्राक्ष यांची पाने आकसून पीक हातचे जाते. विक्रेत्यास पंपाचा पूर्वेतिहास ठाऊक असतोच असे नाही. म्हणून नळी व वायसर नवे घालून, टाकी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने भरून रात्रभर ठेवावी व नंतर स्वच्छ पाण्याने अनेकदा खंगाळावी. इतके करूनही असा पंप या पिकांवर वापरू नये, तणनाशकापुरताच वेगळा ठेवावा.

कडबाकुट्टीच्या चाकावरील व तोंडावरील संरक्षक पत्रा गेलेला असेल तर तो बसविल्यावाचून यंत्र फिरवू नये. बोटे जातात ती अशाच यंत्रात.

दर ठरविण्यापूर्वी भंगाराचा त्या दिवसाचा किलोमागील भाव विचारून घ्यावा, म्हणजे निव्वळ लोखंडाची किंमत कळते. माल कोठून आला हेही विचारावे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे, आणि गावातील कोणाचा पंप वा मोटार नुकतीच नाहीशी झाली असेल तर पोलीस पाटलाच्या कानी ते सहसा आलेलेच असते.