अधिभारित मोटार-एंजिनातील दाबमापक व उपमार्ग-झडप

अंतर्ज्वलन-एंजिनाची शक्ती सिलिंडरात किती इंधन शिरते यापेक्षा किती हवा शिरते यावर अवलंबून असते. इंधन वाटेल तेवढे देता येते. हवा मात्र दट्ट्याच्या खेचण्याने येईल तेवढीच येते. ही मर्यादा ओलांडण्यासाठी एंजिनाच्याच शक्तीवर चालणारा पंप लावून हवा दाबाने आत लोटणे यास अधिभरण म्हणतात व त्या पंपास अधिभरक, म्हणजे मोटारवाल्यांच्या बोलीतील सुपरचार्जर. अशा एंजिनावर बाहेरून दाबमापक बसविणे आणि त्याची उपमार्ग-झडप बदलणे हे दोन उपक्रम हौशी मोटारमालक बहुधा एकदमच हाती घेतात. त्यांपैकी पहिला निरुपद्रवी आहे. दुसरा नेहमीच तसा असतो असे नाही.

नागपूरला हा विषय अगदीच परका नाही. ३० जानेवारी १९४९ रोजी देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने रात्री सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून पुन्हा मार्गस्थ होत. त्या डकोटा विमानांच्या ‘ट्विन वास्प’ एंजिनांत दंतचक्रांनी फिरणारा केंद्रोत्सारी अधिभरक अंगचाच होता, आणि वैमानिकासमोर त्याचा दाब पाऱ्याच्या इंचांत दाखविणारी तबकडी असे. उड्डाणाच्या वेळी काटा ४८ इंचांपर्यंत नेण्याची मुभा होती, त्यापुढे नाही.

हे मापन निरपेक्ष दाबाचे होते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर असल्यामुळे प्रमाण हवामानात येथील हवेचा दाब ९७७ मिलिबार, म्हणजे २८.८ इंच पारा भरतो. एंजिन बंद करून उभ्या असलेल्या डकोटातील काटा म्हणून शून्यावर नव्हे, तर २९ इंचांच्या जरा खाली स्थिर राही. मोटारीसाठी मिळणारे दाबमापक याच्या उलट बाहेरील हवेस शून्य मानून केवळ वरचा दाब सांगतात. विमानाचे ते ४८ इंच मोटारीच्या तबकडीवर येथे १९ इंच, म्हणजे सुमारे ०.६५ बार दिसले असते. विमानाच्या व मोटारीच्या आकड्यांची तुलना करताना हा भेद विसरला की सारा हिशेब चुकतो.

आता मुख्य अडचणीकडे वळू. दाबमापक तापमान सांगत नाही, आणि नागपुरात तापमान हीच निर्णायक गोष्ट आहे. समजा, काटा ०.५ बार दाखवीत आहे. म्हणजे हवा मूळ दाबाच्या दीडपट दाबली गेली. एखाद्या रूट्स पद्धतीच्या अधिभरकाची कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर डिसेंबरातील १५ अंश सेल्सियसची हवा त्यातून ८० अंशांच्या आसपास तापून बाहेर पडते. मे महिन्यातील ४५ अंशांची हवा मात्र ११७ अंशांवर जाते. काटा दोन्ही दिवशी तोच. परंतु मे महिन्यात प्रत्येक फेऱ्यास सिलिंडरात जाणारी हवा वजनाने नऊ टक्क्यांहून अधिक कमी असते आणि ३६ अंशांनी अधिक तप्त असते. तप्त मिश्रण ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याच्या आधीच कोपऱ्यात आपोआप भडकते. यालाच नॉकिंग म्हणतात. त्याच्या ठोक्यांनी दट्ट्याच्या कडा झिजतात, कड्यांमधील पट्ट्या तुटतात आणि अखेर दट्ट्यास भोक पडते. आधुनिक मोटारीत ठोक्यांची चाहूल घेणारा संवेदक ठिणगी मागे खेचून एंजिन वाचवितो, पण त्याची किंमत शक्तीतून वसूल होते. शक्ती कमी झाली म्हणून मालकाने दाब आणखी वाढवावा, हा उपाय रोगापेक्षा वाईट होय. दाबलेली हवा गार करणारा शीतक जेथे आहे तेथे हे आकडे बरेच सौम्य होतात. तरी शीतक हवेला बाहेरच्या ४५ अंशांखाली नेऊ शकत नाही.

उपमार्ग-झडपेचे कार्य या संदर्भात पाहावयास हवे. रूट्स अधिभरक पट्ट्याने एंजिनास जखडलेला असतो. एंजिन फिरेल तेवढा तो फिरणारच. सीताबर्डीच्या चौकात मोटार थांबलेली असताना दाबलेल्या हवेची कोणालाच गरज नसते. अशा वेळी थ्रॉटल मिटल्याने शोषण-नलिकेत निर्वात निर्माण होतो, तो निर्वात एका पडद्यास ओढून झडप उघडतो, आणि अधिभरकातून निघालेली हवा पुन्हा त्याच्याच तोंडाशी परतते. पंपाचा भार त्यामुळे जवळजवळ नाहीसा होतो. थ्रॉटल उघडला की निर्वात ओसरतो, स्प्रिंग झडप मिटविते व दाब चढू लागतो. टर्बोचार्जरवरील हवा बाहेर सोडणारी झडप ही याहून निराळी वस्तू आहे. ज्या एंजिनात आत येणारी हवा आधीच मोजली जाते तेथे मोजलेली हवा बाहेर सोडली तर इंधन तेवढ्या प्रमाणात जास्त पडते. म्हणून ती आतल्या आत फिरविणेच युक्त.

या झडपेत करावयाचे फेरफार दोन प्रकारचे आहेत. पडदा फाटलेला असणे, नळी उन्हाने व एंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन तडकणे, झडपेचे पाते पूर्ण न मिटता हवा मागे गळू देणे, हे दोष दूर करणे ही खरी सुधारणा. थांबा-स्क्रू नीट लावून पाते पुरते बसू लागले की हरवलेला दाब नवा खर्च न करता परत मिळतो. दुसरा प्रकार म्हणजे निर्वाताची नळी काढून झडप कायमची मिटवून टाकणे, म्हणजे पाय दाबताच दाब ‘तयार’ मिळेल. या युक्तीने पंप संथ गतीतही भार वाहत राहतो, स्वतः तापतो, पेट्रोल खातो आणि मे महिन्यात एंजिनाकडे आधीच भाजून निघालेली हवा पाठवितो. नागपूरच्या रहदारीत ती सर्वस्वी त्याज्य आहे. उन्हाळ्यापुरता दाब उतरवावयाचा असेल, तर झडप अर्धवट उघडी ठेवण्यापेक्षा अधिभरकाची कप्पी मोठी बसविणे बरे. कारण अर्धवट उघड्या झडपेतून परतणारी हवा फिरून फिरून तापतच जाते.

दाबमापक बसविताना त्याची नळी अधिभरकाच्या पुढे, शोषण-नलिकेवर जोडावी. थ्रॉटल व अधिभरक यांच्या मधल्या भागात जोडल्यास काटा सदैव निर्वात किंवा फार तर शून्य दाखवील. झडपेच्या पडद्याकडे जाणाऱ्या नळीतच टी-जोड घालणे सोपे वाटते, पण तो जोड गळला तर झडपही बिघडते. स्वतंत्र छिद्र घेणे श्रेयस्कर. नळीत बारीक छिद्राची अडवणूक घातली म्हणजे काट्याची थरथर थांबते. यांत्रिक मापक, म्हणजे फ्रेंच तंत्रज्ञ यूजीन बूर्दाँ याने १८४९ साली पेटंट घेतलेल्या वक्र नळीवर चालणारा, पेट्रोलची वाफ असलेली नळी थेट चालकाच्या पुढ्यात आणतो. तेव्हा विजेवर चालणारा संवेदक एंजिनापाशीच ठेवून आत केवळ तार आणावी.

मंद गतीत काटा समुद्रसपाटीच्या पुस्तकी आकड्यापेक्षा सुमारे एक इंच कमी निर्वात दाखवील. तो दोष नव्हे, नागपूरची उंची होय. पूर्ण थ्रॉटलला दाब कमी भरला तर पट्टा घसरणे, नळी गळणे किंवा झडप न मिटणे यांचा शोध घ्यावा. दाब नेहमीपेक्षा जास्त भरला तर आनंद मानण्यापूर्वी धूरनलिका तपासावी. काटा सिलिंडरात गेलेली हवा मोजत नाही, दारात खोळंबलेली हवा मोजतो. धूर बाहेर पडण्याची वाट तुंबली की खोळंबा वाढतो, काटा चढतो आणि शक्ती मात्र घटते. त्याच न्यायाने धूरनलिका मोकळी केल्यावर काटा उतरला तर तो शुभ संकेत समजावा. नोंदवहीत दाबाच्या आकड्याशेजारी त्या वेळचे हवेचे तापमानही लिहून ठेवावे; त्यावाचून जानेवारीतील व मे महिन्यातील नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येत नाहीत.