मेट्रो, मर्डर आणि वामन

आधीच सांगून टाकते, मी समीक्षक वगैरे अजिबात नाही. मास कॉमला असताना लेक्चरमध्ये ‘वाङ्मयीन मूल्य’ हा शब्द आला की मी खिडकीबाहेर बघायला लागायचे. मला गोष्ट लागते. कोणी मारलं, का मारलं, परग्रहावरून कोण आलं, बस्स. दिंडोशी ते गुंदवली, मेट्रोची पाच स्टेशनं. बसायला मिळालं तर दहा पानं, लटकायला लागलं तर चार. या स्पीडने गेल्या काही महिन्यांत जे वाचून झालं, त्याबद्दलची ही बिनधास्त मतं. पटली तर घ्या.

सुरुवात अर्थातच इंग्रजीपासून, कारण ऑफिसातल्या मैत्रिणी तीच पुस्तकं एकमेकींना पास करतात. ‘द सायलेंट पेशंट’मध्ये बायको नवऱ्याला गोळ्या घालते आणि त्यानंतर तोंडातून एक शब्द काढत नाही. शेवटचा धक्का जबरी आहे, त्यासाठी मी एक स्टेशन पुढे गेले. पण दोन दिवसांनी हिरॉइनचं नावही आठवेना. ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ त्यापेक्षा खूपच गोड. एक विज्ञान शिक्षक अंतराळयानात एकटाच जागा होतो आणि आपण कोण हेच त्याला आठवत नसतं. आकडेमोड आली की मी सरळ पान उलटत होते. काही बिघडलं नाही.

मग पुस्तकं संपली आणि महिनाअखेर आली. (फ्रीलान्सरांची महिनाअखेर दहा तारखेलाच येते, हे जाता जाता.) आमचं घर नागरी निवाऱ्यात. मृणाल गोरे आणि मंडळींच्या लढ्यातून उभी राहिलेली ही वसाहत, आणि इथल्या घराघरांत माळ्यावर एखादी तरी पुस्तकांची पेटी असतेच. आमच्याकडे बाबांची आहे. आजोबांचे काही अर्नाळकरही त्यातच निघाले. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळापहाड त्यांचेच. एक वाचायला घेतली, पाऊण तासात संपली. मजा आली. दुसरी घेतल्यावर मात्र पहिलीच परत वाचतोय असं वाटायला लागलं.

‘समांतर’ मात्र वेगळं प्रकरण निघालं. सुहास शिरवळकर म्हणजे आपल्या पिढीला ‘दुनियादारी’. थ्रिलरवाले शिरवळकर मला २०२० च्या वेब सिरीजनंतर कळले. नशिबाने पार पिचलेला कुमार महाजन एका ज्योतिषाकडे जातो. ज्योतिषी म्हणतो, हाच हात मी पूर्वी पाहिलाय, दुसऱ्या एका माणसाचा. सुदर्शन चक्रपाणी. त्याचा भूतकाळ तो तुझा भविष्यकाळ. कल्पना एका ओळीची, पण ती मानगुटीवर बसते. बायकांची वर्णनं आज वाचताना थोडं खटकतं, ते सोडून द्या. मी पुस्तक मिटलं आणि बाबांना विचारलं, “तुम्ही गेला असतात का त्या चक्रपाणीला शोधायला?”

“मी कशाला जाईन? मला ऑफिस होतं,” बाबा म्हणाले. “आणि पान दुमडू नकोस गं.”

त्याच आठवड्यात मला माझा चक्रपाणी भेटला. एका कंपनीचं न्यूजलेटर मी तीन वर्षं लिहीत होते. तिथल्या मॅडमचा फोन. “अगं, आता ड्राफ्ट एआयच काढतं. तू फक्त जरा माणसासारखं करून दे. रेट अर्धा धरूया?” मी “विचार करून सांगते” म्हटलं. पोटात खड्डा पडला होता.

अशा मूडमध्ये पेटीतून ‘वामन परत न आला’ बाहेर आलं. जयंत नारळीकरांचं. २० मे २०२५ ला सर गेले तेव्हा माझ्या स्टेटसला त्यांचा फोटो होता आणि त्यांची एकही कादंबरी मी वाचलेली नव्हती. तुमच्यापैकी किती जणांचं असंच आहे, खरं सांगा.

एका प्रयोगासाठी खोल खणताना एक पुरातन पेटी सापडते. आत आपल्याहून पुढारलेल्या, नष्ट झालेल्या संस्कृतीचं ज्ञान. ते उलगडत शास्त्रज्ञ एक यंत्रमानव बनवतात, वामन. तो हुशार, नम्र, सगळ्यांचं काम हलकं करणारा. आणि मग त्याला स्वतःसारखे आणखी वामन बनवायचे असतात. ही कादंबरी ऐंशीच्या दशकातली आहे. आमच्या घरी तेव्हा फोनसुद्धा नव्हता!

तक्रारी आहेत. माणसं बोलायला लागली की लेक्चर देतात. प्रत्येकाला समोरच्याला काहीतरी समजावून सांगायचं असतं. हेर-बिर आहेत, पण शिरवळकरांच्या पानाला जी धाप लागते ती इथे नाही. आणि नावातच शेवट सांगून टाकलाय! तरीही ‘सायलेंट पेशंट’ने उडवली नाही एवढी झोप या पुस्तकाने उडवली. कारण यात दुष्ट कोणी नाहीच. वामन हवा असतो सगळ्यांना. त्याच्यामुळे काम पटापट होतं. माझ्या त्या मॅडमही काही व्हिलन नाहीत, दिवाळीला मिठाई पाठवतात.

वाचत वाचत फिल्मसिटी रोडला पोचले तर पत्र्यांमागे गोरेगाव-मुलुंड लिंक रोडचं काम. नॅशनल पार्कच्या पोटातून ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे जाणार आहेत. मी उगाच थांबून बघितलं. पेटी सापडली तर पहिली बातमी माझी.

सरांचा एक किस्सा मला भलताच आवडतो. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू नये म्हणून मंगलाताईंच्या हस्ताक्षरात. पहिला नंबर आला! जगातला नावाजलेला खगोलशास्त्रज्ञ, आणि नाव बाजूला ठेवून गोष्ट जमतेय का ते बघतोय. कादंबरी जड वाटली तर आधी त्यांच्या कथा घ्या, ‘उजव्या सोंडेचा गणपती’पासून. क्रिकेट, गणपती आणि आरशातली उलटापालट, एका बैठकीत.

राग एकाच गोष्टीचा येतो. बाबांच्या पेटीत नारळीकर, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर सापडतात. माझ्या वयाच्या कुणीतरी मराठीत लिहिलेली, कॉल सेंटर, ॲप, ईएमआय आणि एआय असलेली एक दणदणीत साय-फाय कादंबरी मला हवीये, आणि मैत्रिणींच्या त्या पास होणाऱ्या पिशवीत ती अजून एकदाही आलेली नाही. कोणाकडे असेल तर प्लीज द्या. पान दुमडणार नाही.

मॅडमना मी काल मेल टाकली. ड्राफ्ट मीच लिहीन, रेट पूर्वीचाच. उत्तर अजून आलेलं नाही. पर्समध्ये सध्या ‘प्रेषित’ आहे, आरे येईपर्यंत सहा पानं झाली.